झाडखाते

दिवाळीच्या वहीपूजनानंतर आमच्या घरी एक प्रथा आहे. दुकानाच्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक काढून झाले, की बाबूजी, म्हणजे माझे सासरे, घरखर्चाची लहान वही उघडतात आणि वर्षभरातील मोठ्या खरेदीचा एकेक करून हिशेब विचारतात. त्यात रागावणे नसते, केवळ विचारणे असते. ज्या वर्षी आम्ही पुण्यातील पेठेतला जुना वाडा सोडून सहाव्या मजल्यावरील सदनिकेत राहावयास आलो, त्या वर्षी त्या वहीत ‘झाडखाते’ असे एक नवे शीर्षक बाबूजींनी स्वतःच्या हाताने घातले होते. अक्षय तृतीयेला गृहप्रवेश झाला. त्याच्या आदल्या दिवशी सजावटकाराने पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या कुंड्यांतून चौदा झाडे आणून दिवाणखान्यात, जेवणाच्या टेबलाशेजारी आणि देवघराच्या वाटेवर मांडली होती. आलेला प्रत्येक पाहुणा आधी झाडे पाही आणि मग घर.

“चौदा आली. आज किती आहेत?” बाबूजींनी विचारले.

पाच होती. मी झालेल्या रकमेविषयी काही सांगू लागले (ती रक्कम येथे लिहिण्याचे धैर्य आजही होत नाही), तोच सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “पैशाचे नंतर पाहू. नऊ जीव गेले ना?”

ज्या घरात अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरली जात नाही, त्या घरात सहा महिन्यांत नऊ झाडे मेली होती, आणि ती कोणाच्या दुर्लक्षाने नव्हे, तर आमच्या हौसेने मेली होती. दिवाळीपूर्वी नवे घर सजविणाऱ्या भगिनींचे या विषयी वारंवार दूरध्वनी येतात, तेव्हा प्रथम मला ते वहीपूजन आठवते. म्हणून या महिन्याचे सदर घरातील झाडांसाठी राखून ठेवले आहे.

आमच्याकडील नऊ झाडांत दोन फिडल लीफ फिग होती, तीन अरेका पाम, दोन पीस लिली, एक अँथुरियम आणि एक मॉन्स्टेरा. जगलेल्या पाचांत दोन स्नेक प्लांट, एक झेडझेड प्लांट, एक मनी प्लांट आणि एक रबराचे झाड. पुढे एका जाणत्या माळीबुवांना घरी बोलाविले. त्यांनी मेलेल्या झाडाची एक रिकामी कुंडी उलटी करून पाहिली आणि एकच प्रश्न केला, “ताई, पाणी जायचे कोठून?” कुंडीला छिद्रच नव्हते. चौदांपैकी एकाही कुंडीला नव्हते. फरशीवर डाग पडू नये म्हणून ती मुद्दाम बिनछिद्राची निवडली होती, असे सजावटकाराने नंतर सांगितले.

दुसरे कारण उमगण्यास मला आणखी थोडे दिवस लागले. सकाळी मी पाणी घालत असे. दुपारी घरकामाच्या मावशी फरशी पुसताना ‘बिचारी सुकली’ म्हणून तांब्याभर ओतीत. आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर सासूबाई पाण्याचा उरलेला पेला वाया न घालविता झाडाला देत. तिघींपैकी कोणीही दुसरीला विचारले नव्हते.

झाडाची मुळे पाण्याबरोबर हवाही घेतात. मातीच्या कणांमधील पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या, की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेले मूळ पाणी वर पोहोचवू शकत नाही. मग पाने माना टाकतात. पाण्यात बुडालेले झाड आणि तहानलेले झाड वरून सारखेच दिसतात, येथेच सर्वांची फसगत होते. पाने झुकलेली पाहून आपण आणखी पाणी ओततो. त्यात पावसाळा आला, म्हणजे ऊन नाही, हवा दमट, मातीतील पाणी उडून जावयास तयार नाही, आणि झाडाची वाढही मंदावलेली. आमची नऊपैकी सात झाडे आषाढ-श्रावणात गेली, ती यामुळेच.

यावर उपाय सर्वांना ठाऊक असतो, पण फारसा कोणी करीत नाही. तर्जनी मातीत दोन पेरे खाली घालावी. ओलसर लागली, की त्या दिवशी पाणी नाही. कोरडी लागली, तर छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर द्यावे आणि खालच्या ताटलीत साठलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. रोज थोडे थोडे देण्यापेक्षा हे केव्हाही बरे. स्नेक प्लांट आणि झेडझेड यांची माती तर तळापर्यंत कोरडी होऊ द्यावी. पावसाळ्यात त्यांना तीन-तीन आठवडे पाणी न मिळाले, तरी ती तक्रार करीत नाहीत. आणि घरात पाणी घालणारी व्यक्ती एकच असावी. आमच्याकडे हे काम सासूबाईंकडे आहे.

आता निवडीकडे वळू. आपण बहुधा प्रथम कुंडी पसंत करतो, मग तिला शोभेल असे झाड, आणि घरी आणल्यावर ते ठेवण्यास जागा शोधतो. हा क्रम नेमका उलटा हवा. आधी जागेचा उजेड पाहावा, मग त्या उजेडात जगणारे झाड निवडावे, आणि कुंडी सर्वांत शेवटी. आपले डोळे या बाबतीत विश्वासाचे नाहीत. अंधूक खोलीत बाहुल्या मोठ्या होऊन सारे नीट दिसू लागते, म्हणून खोली उजळ वाटते. प्रत्यक्षात खिडकीपासून सहा-सात फूट आत गेले, की झाडाला मिळणारा उजेड खिडकीतल्या उजेडाचा लहानसा अंशच उरतो. भर दुपारी जेथे झाड ठेवावयाचे तेथे पांढरा कागद ठेवावा आणि त्यावर वीतभर-दीडवीत उंचीवर हात धरावा. बोटांची सावली रेखीव पडली, तर उजेड चांगला. हाताचा आकार कळतो पण कडा विरघळलेल्या आहेत, असे असेल तर मध्यम. सावलीच पडली नाही, तर तेथे झाडाचा हट्ट सोडावा आणि एखादी सुबक समई ठेवावी.

खिडकीची दिशाही पाहावी लागते. पूर्वेचे कोवळे ऊन बहुतेक घरझाडांना मानवते. पश्चिमेचे एप्रिल-मे महिन्यांतील तिसऱ्या प्रहरचे ऊन पाने करपविते, तेथे पातळ पडदा हवा. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलवर आत येते. पुण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीत ठेवलेले झाड उन्हाळ्यात एकाएकी रोडावले, तर दोष झाडाचा नसतो. ऋतूप्रमाणे कुंडी दोन-चार फूट सरकवावी, इतकेच.

मध्यम किंवा कमी उजेडासाठी माझी पहिली पसंती आजही स्नेक प्लांटला आहे. उभी, तलवारीसारखी पाने, कडेला पिवळी किनार, कोणत्याही आधुनिक बैठकीत ते शोभते. पश्चिम आफ्रिकेतील हे झाड पाण्याची बचत करण्यासाठी आपली पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडते, त्यामुळे विस्मरण त्याला चालते, अतिप्रेम चालत नाही. त्याचे पान कापून मातीत खोचले, तरी नवे रोप येते. मात्र पिवळ्या किनारीच्या जातीच्या पानापासून आलेले रोप साधे हिरवे निघते. किनार हवी असेल, तर गड्ड्याचे भागच वेगळे करावे लागतात. झेडझेड प्लांटही तितकेच सोशिक. पहिल्यांदा त्याची कुंडी बदलताना मातीत बटाट्यासारखे गड्डे दिसले, तेव्हा सासूबाई दचकून म्हणाल्या, “अगं, हे कंदमूळ!” त्या गड्ड्यांत झाड पाणी साठवून ठेवते, आणि ते आपल्याला खावयाचे नाही, असे सांगितल्यावर त्याला घरात राहण्याची परवानगी मिळाली.

चांगल्या उजेडाची खिडकी असेल, तर रबराचे झाड अवश्य आणावे. ते परदेशी समजून लोक विकत घेतात, पण ते आपल्या ईशान्य भारताचेच रहिवासी आहे. मेघालयातील ओढ्यांवरचे प्रसिद्ध जिवंत पूल याच झाडाच्या मुळांपासून घडविलेले आहेत. रुंद, चकचकीत, तपकिरी झाक असलेली त्याची पाने मोठ्या दिवाणखान्यास भारदस्तपणा देतात. याउलट छायाचित्रांतून सर्वत्र दिसणारे फिडल लीफ फिग मी कोणाला सुचवीत नाही. त्याला भरपूर उजेड लागतो, जागा बदललेली सोसत नाही, रुसले की पाने गाळते, आणि किंमत मात्र सर्वांत जास्त. अरेका पामविषयीही नवख्यांनी सावध असावे. वातानुकूलित खोलीच्या कोरड्या हवेत त्याची टोके तपकिरी होतात आणि पानांखाली लाल कोळी लागतो.

घरात रांगते मूल असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मनी प्लांट, मॉन्स्टेरा, पीस लिली, अँथुरियम, सिंगोनियम, झेडझेड ही सारी अळूच्या कुळातील झाडे आहेत. अळूने घसा का खाजतो, हे आपल्याला माहीत आहे. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, आणि तेच या झाडांतही असतात. मुलाने पान चावले, तर तोंडाची आग होते आणि सूज येते. डिफेनबॅकिया नावाचे ठिपकेदार पानांचे झाड याबाबतीत विशेष त्रासदायक. अशी झाडे मुलाच्या हाताला येणार नाहीत अशा उंचीवर ठेवावीत. एखाद्याने पान चावलेच, तर तोंड धुऊन लगेच डॉक्टरांना दाखवावे.

विक्रेते आणखी एक आमिष दाखवितात, ते हवा शुद्ध करण्याचे. त्याचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात आहे. तो प्रयोग लहान, बंदिस्त पेट्यांत झाला होता. आपल्या घरांना दारे-खिडक्या असतात. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हा निष्कर्ष निघाला, की सामान्य वायुवीजनाने जेवढी हवा शुद्ध होते, तेवढी झाडांकडून करून घ्यावयाची, तर दर चौरस मीटरमागे किमान दहा झाडे लागतील. म्हणजे मग घरात माणसे कोठे राहावीत? झाड डोळ्यांना निववते म्हणून घ्यावे. हवेसाठी खिडकी उघडावी.

कुंडीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण पैसा तेथेच जातो. साध्या भाजक्या मातीच्या कुंडीला बारीक छिद्रे असतात, तिच्या अंगातूनही पाणी उडते, त्यामुळे जास्त पाणी घालणाऱ्या हातांना ती सर्वांत क्षमाशील. पुण्याच्या कुंभारवाड्यात किंवा मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात गेल्यास हाताने घडविलेल्या सुंदर घाटाच्या कुंड्या मिळतात. चकाकी दिलेल्या चिनी मातीच्या कुंडीतून पाणी उडत नाही, तेथे पाणी निम्म्याने कमी करावे. फायबरच्या कुंड्या हलक्या असतात आणि मोठ्या झाडांसाठी सोयीच्या. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा बोट-दोन बोटेच मोठी असावी. लहान झाडाला भव्य कुंडी दिली, तर मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते.

तळाशी खडे घातले, की छिद्र नसले तरी चालते, असे अनेकजणी सांगतात. ते खरे नाही. बारीक मातीतले पाणी माती पूर्ण भिजल्याखेरीज खड्यांमध्ये उतरत नाही, त्यामुळे चिखल उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्र हवेच. आमच्या पाच कुंड्यांना फरशी बसविणाऱ्या कारागिराने टाइल कापण्याच्या यंत्राचे टोक लावून, वरून पाणी सोडीत, सावकाश छिद्रे पाडून दिली. पुढच्या दिवाळीला झाडखात्यात ती एकच नोंद होती: ‘कुंड्यांना भोके पाडणे, नग पाच’.

ज्यांना कुंडीला हात लावावयाचा नसेल, त्यांनी झाड नर्सरीच्या प्लॅस्टिकच्या साध्या कुंडीतच ठेवावे आणि ती कुंडी शोभेच्या भांड्यात उतरवावी. पाणी घालताना आतली कुंडी काढून न्हाणीघरात न्यावी, निथळू द्यावी आणि मग परत ठेवावी. या पद्धतीत एक मोठे सुख आहे. माळ्यावर पडलेली पितळी घंगाळे, तांब्याचे हंडे, जुन्या पायल्या यांना नवे आयुष्य मिळते. आमच्या वाड्यातील घंगाळात आज रबराचे झाड उभे आहे, आणि त्यापुढे विकतची कोणतीही कुंडी मला फिकी वाटते. तांब्या-पितळेच्या भांड्यात माती थेट मात्र भरू नये. धातूही खराब होतो आणि झाडही.

माती तयार करताना आपल्या घरांनी विशेष विचारपूस करावी. नर्सरीतील तयार मिश्रणात पुष्कळदा बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, घातलेला असतो, आणि काही द्रवखते माशांपासून केलेली असतात. पिशवीवरचा मजकूर वाचावा, सुटे मिश्रण असेल तर स्पष्ट विचारावे. बागेतील माती, काथ्याचा धुतलेला भुसा, कुजलेल्या पानांचे खत आणि थोडी निंबोळी पेंड एवढ्यावर घरातील झाडे उत्तम जगतात. गांडूळखताविषयी घरोघरी मतभेद आहेत, तो निर्णय ज्याने त्याने करावा. तांदूळ धुतलेले पाणी घरातील कुंडीत घालू नये, ते आंबते. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणीही नको. त्यात क्षार साठलेले असतात आणि पानांची टोके जळतात. उकळून गार केलेले उरलेले पाणी मात्र खुशाल द्यावे, अर्थात बोट घालून पाहिल्यानंतर.

किडीचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत नाजूक. फवारणी करावी तर हिंसा, न करावी तर झाड जाते. म्हणून कीड येऊच नये, यावर सारा भर द्यावा लागतो. नवे झाड आणल्यावर पंधरा दिवस इतर झाडांपासून दूर ठेवावे, पानांच्या खालची बाजू आणि देठांच्या बेचक्या पाहाव्यात. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पाने पुसल्यास धूळही जाते, उजेडही अधिक मिळतो आणि कीड लवकर ध्यानात येते. वरची माती सदैव ओली राहिली, तर तेथे चिलटे होतात, म्हणजे कमी पाणी हीच येथे जयणा. एवढे करूनही गेल्या चैत्रात एका झाडावर पिठ्या आला. सासूबाईंनी दोन दिवस चष्मा लावून कापसाने एकेक पुंजका अलगद उचलला आणि खाली सोसायटीच्या बागेत नेऊन ठेवला. आमचे झाड वाचले. सोसायटीचा माळी आता जास्वंदीकडे बोट दाखवितो, आणि त्याचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही.

व्यापारी घरांत दुकानाचा गल्लाही सजवावा लागतो. तेथे बाटलीतला मनी प्लांट किंवा ‘लकी बांबू’ हमखास असतो. लकी बांबू हा बांबू नव्हेच, ती आफ्रिकेतील ड्रसीनाची एक जात आहे. मनी प्लांट चोरून आणला तरच लाभतो, असा एक समज सर्वत्र आहे. अदत्तादान न करण्याचे व्रत घेतलेल्या आमच्या बाबूजींनी दुकानातला वेल मागून आणला, आणि तो बरा वाढला आहे. पण अशा बाटल्यांतील स्वच्छ, साचलेले पाणी डेंग्यू पसरविणाऱ्या डासाला फार आवडते. त्याची अंडी पाण्याच्या कडेला भांड्यालाच चिकटतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी बदलावे आणि बाटली आतून घासून धुवावी. कुंडीखालच्या ताटल्यांनाही हाच नियम. दुकानात दिवसभर ट्यूबलाइट असतात, त्याखाली, फार दूर नसल्यास, स्नेक प्लांट आणि अ‍ॅग्लोनिमा तग धरतात.

राहिला प्रवासाचा प्रश्न. शिखरजीच्या यात्रेस पंधरा दिवस जावयाचे, तर झाडांचे काय? निघण्याच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यावे, कुंड्या खिडकीपासून थोड्या आत, एकमेकींजवळ सरकवाव्यात. पीस लिलीसारख्या तहानेल्या झाडासाठी पाण्याचे झाकलेले भांडे शेजारी ठेवून जाड सुती वात भांड्यातून मातीत सोडावी. स्नेक प्लांट, झेडझेड यांना काहीच नको. शेजाऱ्यांकडे चावी देताना मात्र स्पष्ट सांगावे, की या दोहोंना पाणी घालू नये, कितीही दया आली तरी.

पुढील अंकात गॅलरीतील फुलझाडांविषयी लिहावे, असे अनेक भगिनींनी सुचविले आहे. तोपर्यंत आपल्या गॅलरीत ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते, एवढे आठवडाभर टिपून ठेवावे.